ब्रेकमध्ये हवा की मास्टर सिलिंडर गेला?

सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली वडिलांची प्रीमियर पद्मिनी गाडी गेल्या दिवाळीत आम्ही बाहेर काढली. ब्रेक दोन-तीनदा मारल्याशिवाय उचलत नव्हता. "ब्रेकच्या तेलात हवा धरलीय," असं मीच जाहीर केलं. हवा काढायला पुतण्या पॅडलवर, मी चाकापाशी नळी लावून. दाब, धर, सोड. ब्रेक ऑइलची बाटली संपली, नळीतून बुडबुडा येईना, आणि पॅडल तर आता धरून ठेवलं की खालीच बसायला लागलं. शेवटी पोवई नाक्याकडच्या मिस्त्रींना आणलं. त्यांनी पॅडलवर नुसतं पाऊल टेकवलं. "हवा कवाच संपली, साहेब. आता त्येल आतल्या आत पळतंय."

दोन्ही दुखण्यांत पाय खाली जातो, म्हणून घोटाळा होतो. पण जाण्याची तऱ्हा वेगळी.

तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून लाइनीत हवा असली की पॅडल कमी भरलेल्या फुटबॉलसारखं लागतं. दोन-तीनदा भराभर मारलं की वर येतं, आणि जिथं थांबतं तिथं थांबतं; हवा दबली तरी ती जाणार कुठं?

मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पॅडल दाबलं की तेल चाकांकडं ढकलणाऱ्या पंपाचं, तसं नाही. आतल्या पिस्टनचं रबर फाटलं, किंवा नळकांड्याला गंजाचे खड्डे पडले, की तेल रबराच्या कडेनं मागं सटकून परत ब्रेक ऑइलच्या डबीत जातं. पॅडल सुरुवातीला कडक, मग पायाखालून हळूहळू जमिनीकडं. डबीतली पातळी कमी होत नाही, खाली थेंब पडत नाही. पातळी उतरत असेल तर ते तिसरंच, बाहेरची गळती. टायरची आतली बाजू ओली आहे का ते बघा. तपासताना पाय हलका ठेवायचा. जोरात दाबलं की रबराची कड भिंतीला चिकटते आणि दोष लपतो. ताकद लावून "झकास आहे" म्हणणारे इथंच फसतात.

उभ्या गाडीत पहिल्या दुखण्याचा इलाज करता करता दुसरं जन्माला येतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि साताऱ्याचा पावसाळा काही कमी देत नाही. रोजच्या वापरात पिस्टन नळकांड्यात थोडाच पुढं जातो; पुढचा भाग गंजत बसतो. हवा काढताना आपण पॅडल पार तळाला नेतो आणि मऊ रबर त्या गंजावर घासतं. पुतण्याला "दाब जोरात" मीच सांगत होतो. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला असता तर बहुतेक वाचलं असतं.

मिस्त्रींनी सिलिंडर उघडून नखानं दाखवलं: रबराच्या कडेला बारीक चीर, आत खोलवर तपकिरी कडं. नळकांडं गुळगुळीत असेल तर नव्या रबरांचं किट घालून भागतं. खड्डे असतील तर नवं रबरही टिकत नाही. आम्ही सिलिंडरच नवा घातला.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेव्हा हवा काढण्याआधी शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या, ॲडजस्ट करून घ्या. शूवरचे लायनर ड्रमपासून लांब राहिले की पहिला ब्रेक खोल, दुसरा वर आणि कडक लागतो. त्यालाही लोक हवाच म्हणतात. मग सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निघालेलं तेल परत डबीत ओतू नका, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

जुनं तेल तसंच ठेवलं तर एक फसवी हवाही भेटते. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलेल्याची हमी १४० पर्यंतच. यवतेश्वरचा घाट ब्रेकवरच उतरलात आणि चाकाजवळ तेल उकळलं, तर वाफेनं पॅडल मऊ पडतं. खाली येऊन गाडी गार झाली की पुन्हा ठणठणीत, मिस्त्रीला दाखवायला काहीच उरत नाही.