रस्त्याचा वेग रुळांवर ठरतो

तळेगावच्या कारखान्यातली पाळी सुटली आहे. कामगार पादचारी पुलाच्या निम्म्या पायऱ्या चढतो, तोच खाली लोकल हलते आणि तिचा शेवटचा डबा फलाटावरून पुढे सरकताना त्याला दिसतो. पुढची लोकल दहा मिनिटांनी असेल, तर तो बाकावर टेकून डबा-पिशवी सावरतो. ती तासाभराने असेल, तर त्याच्या डोक्यात दुचाकीच्या पेट्रोलचा हिशेब सुरू होतो. असे दोन-चार वेळा झाले, की मासिक पासाचे नूतनीकरण राहून जाते आणि निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात आणखी एका वाहनाची भर पडते. रस्त्यावरची कोंडी आपण रस्त्यावरच मोजतो, पण तिचा काही भाग असा फलाटावर तयार होत असतो.

पुणे–लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. सुमारे ६४ किलोमीटरच्या या मार्गावर शिवाजीनगर, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव ही स्थानके आहेत आणि जुना मुंबई–पुणे महामार्ग बऱ्याच अंतरापर्यंत रुळांच्या सोबतीनेच धावतो. एकाच माणसाला नेऊ शकणाऱ्या या दोन वाटा आहेत. मुंबईत दिवसाला तीन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या होतात, तर येथे त्यांची संख्या ४०च्या आसपास राहिली आहे. त्याही मुख्यतः सकाळ-संध्याकाळ एकवटलेल्या असून दुपारी लोकलसाठी दीर्घकाळ थांबावे लागणे, हे पिंपरी-चिंचवड आणि मावळातल्या प्रवाशांच्या अंगवळणी पडलेले दुखणे आहे.

वेळापत्रक न पाहता स्थानकावर येणाऱ्या प्रवाशाला, गाड्या समान अंतराने धावत असतील तर, सरासरी त्या अंतराच्या निम्मा वेळ थांबावे लागते. तासाला एक गाडी असेल तर अर्धा तास आणि पंधरा मिनिटांना एक असेल तर साडेसात मिनिटे. मात्र तासाला दोन गाड्या असूनही त्यांच्यातले अंतर आलटूनपालटून १० आणि ५० मिनिटांचे असेल, तर सरासरी प्रतीक्षा पंधरा मिनिटांऐवजी जवळजवळ २२ मिनिटांवर जाते. लांबच्या खंडात येणारे प्रवासी संख्येने जास्त असतात आणि त्यांची प्रतीक्षाही लांब असते, हे त्यामागचे कारण. त्यामुळे फेऱ्या तितक्याच ठेवून त्या समान अंतरावर बसवल्या, तरी प्रवाशांचा वेळ वाचतो. शिवाय फलाटावर ताटकळण्याचे एक मिनिट माणसाला गाडीतल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट जड जाते, असे वाहतूक नियोजनात धरले जाते.

हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली यातला एक महत्त्वाचा धागा दाखवून दिला. प्रवासी वाढले म्हणून फेऱ्या वाढवल्या, तर आधीपासून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाची प्रतीक्षाही कमी होते. रस्त्याचे नेमके उलट आहे. तेथे नवे वाहन आले, की आधीच्या सर्वांचा वेग थोडा घटतो. माझ्या मते या प्रश्नाचा गाभा एवढ्या एका फरकात आहे.

रस्ता क्षमतेच्या काठावर आला, की अगदी थोडी वाहने वाढली तरी रांगा झपाट्याने लांबतात, आणि थोडी कमी झाली तरी मोठा दिलासा मिळतो. दिवाळीच्या सुटीत पुण्याचे रस्ते ओस पडत नाहीत, तरी नेहमीचे अंतर बरेच लवकर कापले जाते, हा अनुभव बहुतेक पुणेकरांना आहे. बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये हजाराहून अधिक माणसे बसून जाऊ शकतात. त्यांतली काहीशेच माणसे दुचाकी-मोटारी घरी ठेवून आली, तरी ऐन गर्दीच्या तासात त्याचा परिणाम जाणवेल.

मोकळा झालेला रस्ता मात्र फार काळ मोकळा राहत नाही. पूर्वी टाळलेले प्रवास पुन्हा सुरू होतात आणि रस्ता भरत जातो. पण तो किती भरेल, हे कशावर ठरते? समांतर रेल्वे असलेल्या ठिकाणी रस्त्याने लागणारा वेळ रेल्वेने घर ते कार्यालय लागणाऱ्या वेळेच्या जवळपास येईपर्यंत लोक रस्त्याकडे वळत राहतात आणि तेथे समतोल साधतो. म्हणून रेल्वेची प्रतीक्षा कमी केली, की मोटारीत बसणाऱ्याचाही प्रवास लवकर आटोपतो. केवळ रस्ता रुंद केला, तर रेल्वेचे प्रवासी घटतात, त्यामुळे फेऱ्या कमी होतात आणि शेवटी सर्वांचाच प्रवास लांबू शकतो. या घसरणीला अभ्यासक ‘डाउन्स–थॉमसन विरोधाभास’ म्हणतात.

मग फेऱ्या वाढवण्यात अडचण काय? या मार्गावर जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक, अशा दोनच मार्गिका आहेत. त्यांवर लोकलसोबत मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही धावतात. प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या लोकलला पूर्ण अंतरासाठी सुमारे ८० मिनिटे लागतात आणि एक्स्प्रेस तेच अंतर ६० मिनिटांत कापते असे धरले, तर लोकल किमान वीस मिनिटे आधी सुटायला हवी, अन्यथा वाटेत तिला बाजूच्या मार्गिकेवर घेऊन एक्स्प्रेस पुढे काढावी लागते. सर्व गाड्या एकाच वेगाने धावत असतील, तर वीस मिनिटांच्या त्याच अवकाशात अनेक गाड्या बसल्या असत्या. मुंबईत धीम्या आणि जलद गाड्यांना स्वतंत्र मार्गिका असल्यामुळे तीन-चार मिनिटांच्या अंतराने लोकल सोडता येते.

दुपारच्या खंडाचे मूळही येथेच आहे. रूळ आणि वरच्या विद्युत तारांच्या देखभालीसाठी रोज काही वेळ मार्गिका बंद ठेवावी लागते आणि त्यात तडजोड करता येत नाही, कारण प्रवाशांचा जीव त्यावर अवलंबून असतो. दोनच मार्गिका असताना त्यांतली एक बंद ठेवली, की उरलेल्या अपुऱ्या जागेत सर्वांत आधी वगळली जाते ती लोकलच. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी यासाठीच महत्त्वाची आहे. चार रूळमार्ग असतील, तर एका जोडीवर गँगमन काम करत असताना दुसऱ्या जोडीवरून दुपारी दोनची लोकल तळेगावहून सुटू शकेल.