भातात मीठ, दारात क्रूस : मराठी ख्रिस्ती घरांतल्या रोजच्या श्रद्धेची पार्श्वभूमी

रोजच्या जगण्यात ख्रिस्ती श्रद्धा कशी पाळायची असा विषय निघाला की प्रवचनात प्रेम, क्षमा, सेवा हे सगळं येतं आणि ते बरोबरच आहे, पण आपल्याकडचा चारशे वर्षांचा इतिहास काढून बघा, खरी भांडणं भलत्याच गोष्टींवरून झालीत. भातात मीठ घातलं की नाही, नवरीला हळद लावली की नाही, पाणी कोणाच्या हातचं प्यायलं, प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार उघडं होतं की बंद. माझं मत आधीच सांगून टाकतो, यातले वरून नियम लावणारे बहुतेक वेळा हरले आणि घरातल्या बायका जिंकल्या.

सुरुवात गोव्यापासून करावी लागते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (कॅथलिकांच्या एका संघाचा पाद्री) १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, सुमारे ११ हजार ओव्या, १६१६ साली छापून आलं. आता एका इंग्रज माणसाने ओव्या का लिहाव्यात? कारण साधं होतं. बाप्तिस्मा झालेल्या लोकांना जुनी पुराणं ऐकायला बंदी झाली होती, पण संध्याकाळी दिवा लागल्यावर बसून काहीतरी ऐकायची सवय काही बंदीने जात नाही, मग ऐकायचं काय? स्टीफन्सला हे कळलं. त्याने कथा बायबलची घेतली आणि चाल, शब्द, बसायची पद्धत लोकांचीच ठेवली. लोक रविवारी आणि सणाला चर्चमध्ये हे पुराण वाचायचे.

पण त्याच गोव्यात इन्क्विझिशनही होतं, म्हणजे कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून, मधली चार वर्षं सोडली तर थेट १८१२ पर्यंत. त्यांचा १७३६ सालचा एक जाहीरनामा आहे, तो प्रत्येकाने एकदा तरी वाचावा असं मला वाटतं, कारण देव, त्रैक्य, तारण वगैरे मोठ्या गोष्टी त्यात जवळपास नाहीतच, सगळी यादी घरातली. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, नवरा-नवरीला हळद आणि नारळाचं दूध लावायचं नाही, विड्याची पानं आणि फुलं पाठवायची नाहीत, दारात तुळस नको, एकादशीचा उपास नको, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही. आणि भात मिठाशिवाय शिजवायचा नाही! कारण मीठ न घालता भात शिजवणं ही हिंदूंची रीत धरली जायची. म्हणजे श्रद्धा खरी आहे का हे तपासायला हे लोक पातेल्यापर्यंत पोचले होते. आणि हे १७३६ साली, म्हणजे धर्मांतरं सुरू होऊन जवळपास दोनशे वर्षं झाल्यावर. दोनशे वर्षांनीही यादी काढावी लागते याचा अर्थ लोक हे सगळं निवांत करतच होते.

वसईचं थोडं वेगळं झालं. पोर्तुगीज तिथे १५३४ पासून होते आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. गोरे पाद्री बहुतेक निघून गेले, लोक मात्र राहिले, आणि स्थानिक पाद्र्यांनी चर्च चालू ठेवलं. इन्क्विझिशनचा हात तिथे मग पोचायचं कारणच उरलं नाही. म्हणून मला वाटतं की वसई-उत्तनपासून गोराई-मनोरीपर्यंत जे टिकलंय त्याच्यामागे हे एक मोठं कारण असणार. आडनाव लोपीस, परेरा, दिब्रिटो, आणि घरात बोली सामवेदी किंवा वाडवळी, म्हाताऱ्या बायका लाल लुगड्यात मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) येतात, लग्नात हळद लागते, वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणलं जातं आणि दुसऱ्या दिवशी वेदीपुढे शपथा होतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नवीन भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. उन्हाळ्यात मसाले भाजून, कुटून बिअरच्या बाटल्यांत दाबून भरायचे, तो बॉटल मसाला वर्षभर पुरतो आणि चाळीस दिवसांच्या उपासात घरातलं मटण बंद झालं की तोच मसाला भाजीत पडतो.

क्रूसांचं बघा. मुंबईत १८९६ ला प्लेग आला तेव्हा वांद्रे, गिरगाव, माझगाव अशा भागांत लोकांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे केले. रात्री शेजारीपाजारी जमून तिथे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. काही क्रूस त्याच्याही आधीचे आहेत, पण प्लेगने त्यांची संख्या एकदम वाढवली. प्लेग गेला पण जमणं थांबलं नाही, मे महिन्यात आजही लोक क्रूसापाशी जमतात, प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात. यात कुठल्या बिशपचा हुकूम नव्हता.

आता देशावर येऊ. तिथली गोष्ट प्रोटेस्टंट आणि बरीच नंतरची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ ला अहमदनगरला ठाणं केलं, १८४२ ला ज्ञानोदय हे त्यांचं नियतकालिक सुरू झालं. या मिशनऱ्यांना हळद-तुळशीपेक्षा जात ही मोठी अडचण वाटायची, कारण प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकाच प्याल्यातून प्यायचं असतं आणि मंडळीत ब्राह्मण कमी, महार-मांग खूप जास्त. बायबल स्वतः वाचता आलं पाहिजे म्हणून शाळा, त्यातही मुलींच्या शाळा, हा रोजच्या श्रद्धेचाच भाग झाला. पण उपासनेतली गाणी इंग्रजी चालींवर बसवलेली असायची, आणि ती मराठी गळ्यात बसेनात. मग १८६० च्या दशकात नगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांसारख्या लोकांनी टाळ, वीणा घेऊन येशूच्या गोष्टींवर कीर्तनं सुरू केली, आणि चर्चच्या बाकांवर न येणारे लोक ते ऐकायला यायला लागले.

कवी नारायण वामन टिळकांनी हे पुढे नेलं. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे, आणि ती नुसती शोभेची वाक्यरचना नव्हती, त्यांचे अभंग आजही नगर-सोलापूर-सातारच्या मंडळ्यांत दर रविवारी म्हटले जातात. १९१७ ला मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक चालायचे. दोनच वर्षांत वारले, दरबार राहिला अर्धाच.

पण खरं सांगायचं तर मला टिळकांपेक्षा त्यांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या तर स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. कोणी बायबलमधलं वचन दाखवून त्यांना बदललं नाही. जात देवाने केली की माणसाने असा विचार त्या स्वतःशी करत राहिल्या, माणसाने केली असं पटलं आणि सोवळं सुटलं, बाप्तिस्मा त्यानंतर १९०० साली. क्रम लक्षात घ्या, आधी स्वयंपाकघर मग चर्च. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सगळं हसत हसत लिहिलंय, स्वतःची टिंगल करत, आणि टिळक जेव्हा-तेव्हा कोणाची तरी पोरं घरी आणून ठेवायचे त्याचा खर्च कसा भागायचा तेही लिहिलंय. सेवा सेवा म्हणतात ती अशी असते, एकाने आणायची आणि दुसरीने जेवू घालायची.

पंडिता रमाबाईंचं भांडण तर दोन्हीकडे होतं. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण मांस खाणार नाही हे कायम, आणि गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन का, संस्कृत का नाही असा सवाल त्यांनी तिथल्या सिस्टरला घातला. इकडे आल्यावर १८८९ ला शारदा सदन ही निवासी शाळा काढली, मुली बहुतेक ब्राह्मण विधवा, धर्म शिकवायचा नाही अशी अट. रमाबाईंनी वर्गात शिकवला नाहीच, पण सकाळची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, काही मुली येऊन बसायच्या. त्या उघड्या दारावरून १८९३ ला पुण्यात केवढा गदारोळ झाला, केसरीने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या काळात आश्रितांवर धर्म लादला जायची भीती खरी होती, ती भीती खोटी म्हणता येत नाही, पण दार बंद करून प्रार्थना करा असं सांगणं म्हणजे श्रद्धा असू द्या पण दिसू देऊ नका असं सांगणं, आणि ते रमाबाईंना जमणारं नव्हतं. नंतर दुष्काळ आला तेव्हा केडगावला रमाबाईंच्या मुक्ती या आश्रमात दोन हजारांच्या घरात मुली-बायका होत्या. शेती, विणकाम, छापखाना सगळं त्याच चालवायच्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं साध्या मराठीतलं बायबल तिथल्याच बायकांनी जुळवलं आणि छापलं.

कॅथलिकांकडे मराठीतून मिस्सा यायला मात्र दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते ६५) व्हावी लागली. त्याआधी लॅटिन. म्हणजे वसईची बाई घरी सामवेदीत रडायची आणि चर्चमध्ये लॅटिन ऐकायची. पुढे त्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, हरित वसईच्या आंदोलनात टँकर आणि बिल्डर लॉबीच्या विरोधात रस्त्यावर उतरलेले, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पाणी आणि जमीन वाचवणं हे फादरचं काम आहे का, असं तेव्हा चर्चमधलेच काही लोक विचारायचे.

नगर-मराठवाड्याकडच्या खूप घरांत मात्र आजचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून आलाय. अनुसूचित जातीचा दर्जा तेव्हा फक्त हिंदूंना, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध, ख्रिस्ती अजून बाहेर. त्यामुळे कागदावर एक आणि रविवारी एक अशी घरं गावोगाव आहेत, सगळ्यांना माहीत असतात, कोणी मोठ्याने बोलत नाही. पोराचं नाव ठेवताना, दारावर क्रूस लावताना, मंगळसूत्रात क्रूस ओवताना जातपडताळणीचा विचार आधी येतो. २०२२ मध्ये केंद्राने या विषयावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीच्या एका बाईचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला, ती स्वतःला हिंदू म्हणत होती, पण बाप्तिस्म्याची नोंद आणि नियमित चर्चला जाणं हे तिच्या विरोधात धरलं गेलं.