एकाच फाइलमधले दोन जनुकीय रिपोर्ट

कुडाळ-कणकवलीकडचं मूल रक्ताच्या कॅन्सरसाठी परळच्या टाटा हॉस्पिटलात किंवा गोव्यात बांबोळीला दाखल झालं की घरच्यांच्या हाती एक जाडजूड फाइल येते. तिच्यात जनुकीय तपासणीचे दोन वेगवेगळे कागद असू शकतात. दोन्हींवर जनुकांची न कळणारी नावं, दोन्हींवर अक्षरं नि आकडे. मग एकावरचं ‘नॉर्मल’ दुसऱ्याला चिकटवलं जातं आणि घोळाला सुरुवात होते.

पहिला कागद आजाराचा. कंबरेच्या हाडातून बोन मॅरो काढतात आणि कॅन्सरच्या पेशींची गुणसूत्रं तपासतात. ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले दिसले, म्हणजे फिलाडेल्फिया क्रोमोसोम सापडला, तर इमॅटिनिबसारखं औषध जोडावं लागतं. १२ आणि २१ची अदलाबदल असेल तर डॉक्टर जरा निर्धास्त होतात, कारण अशी मुलं उपचारांना सहसा चांगली दाद देतात. आजार किती चिवट आहे आणि उपचार किती कडक हवेत, एवढंच हा कागद सांगतो.

दुसरा कागद मुलाचा स्वतःचा. त्याला साधं रक्त किंवा गालाच्या आतला पुसलेला नमुनाही चालतो, आणि तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. प्रश्नही वेगळा: सहा-एमपी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन, या पोराला किती झेपेल? गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधलेली ही गोळी १९५३पासून वापरात आहे. मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परतू नये म्हणून चालणाऱ्या उपचारांच्या, टप्प्यात मूल घरी येतं, तेव्हा दीड-दोन वर्षं ती रोज घ्यायची असते.

गोळी पोटात गेल्यावर तिचं जे सक्रिय रूप बनतं, ते पेशींच्या डीएनएत शिरून त्यांना मारतं. त्याचा अतिरेक होऊ नये म्हणून शरीरात दोन एन्झाइम काम करतात. टीपीएमटी औषधाचा काही भाग आधीच दुसऱ्या वाटेला लावतं, तर एनयूडीटी१५ तयार झालेलं सक्रिय रूप निकामी करतं. खळ्यातल्या पाण्याची मोरी बुजली की साध्या सरीनेही पाणी पडवीत शिरतं, तसं ही एन्झाइम बनवणाऱ्या, त्याच नावांच्या जनुकांत दोष असेल तर नेहमीच्याच डोसने पांढऱ्या पेशी झपाट्याने खाली येतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. टीपीएमटीची माहिती जुनी आणि मुख्यतः युरोपीय लोकांवरच्या अभ्यासातली. आपल्याकडे तो दोष कमी आढळतो, एनयूडीटी१५चा जास्त. हा दुसरा दोष २०१४मध्ये कोरियातल्या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांत लक्षात आला आणि २०१५मध्ये ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलांत दाखवला गेला. त्या अभ्यासात या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक बापाकडची) सदोष असलेल्या मुलांना ठरलेल्या डोसच्या सरासरी ८ टक्केच झेपला, एक प्रत सदोष असलेल्यांना ६३ टक्के. त्यामुळे नुसता टीपीएमटी नॉर्मल असल्याचा रिपोर्ट पाहून कोकणातल्या आईबापांनी निश्चिंत होऊ नये. एनयूडीटी१५ पाहिलंय का, हे सरळ विचारावं.

फरक केवढा? शरीराचं क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर असलेलं लहान मूल घ्या. चौरस मीटरमागे ७५ मिलिग्रॅमने त्याला ५० मिलिग्रॅमची साधारण एक गोळी रोज लागते. दोन्ही प्रती सदोष असतील तर सुरुवात चौरस मीटरमागे १० मिलिग्रॅमनेच करतात, म्हणजे रोज ७ मिलिग्रॅम. सात गोळ्यांच्या जागी आठवड्याला जेमतेम एक! ती कशी विभागायची हे डॉक्टरच ठरवतात. यात उपचार पातळ होत नाही, कारण अशा मुलाच्या पेशींत तेवढ्यानेच पुरेसं औषध साठतं. ‘शेजारच्या बेडवरच्याला अख्खी गोळी, आमच्या झिलाक चतकोर कित्या?’ ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी डोस वाढवणं जिवावर बेतेल.

याउलट दुसरा कागद नॉर्मल आला म्हणजे आजार सौम्य असं होत नाही, आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणीही, सुटत नाही. जनुकं ठीक असलेल्या मुलांच्याही पेशी घसरतात. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, तर दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात हिवाळा-उन्हाळ्यात गोचिडीमुळे होणारा माकडताप. दोन्हींत ताप येतो आणि पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट उतरतात. तालुक्याच्या डॉक्टरने फाइल पाहिली नसेल तर सगळं खापर डासावर किंवा गोचिडीवर फुटतं आणि गोळी तशीच चालू राहते. म्हणून हा दुसरा कागद फाइलच्या पहिल्या पानावर हवा. ताप आला तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला फोन करायचा. गोळी थांबवायची की नाही ते तिथूनच ठरेल.

‘आमच्या घराण्यात ह्यो रोग कोणाक नाय, मगे ही तपासणी कित्याक?’ असं आजी विचारतेच. पहिल्या कागदावरची ती अदलाबदल आईबापांकडून आलेली नसते, त्यामुळे भावंडांनी घाबरायचं कारण नाही. दुसऱ्यावरचा दोष मात्र वारशाने येतो. तो कॅन्सरचा नव्हे, औषध न झेपण्याचा. घरात कुणाला किडनी बदलल्यावर, ल्युपससाठी किंवा आतड्याच्या आजारासाठी अझाथायोप्रिन सुरू होणार असेल, तर त्यांच्या डॉक्टरांनाही हा कागद दाखवावा. ते औषध शरीरात गेल्यावर सहा-एमपीच बनतं.