दोन इंजिनं आणि एक रडर

शिकाऊ विमान कोसळल्याची बातमी आली की सांगलीत कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अजून एक इंजिन असतं तर वाचला असता बघा." ऐकायला पटतं. एक बंद पडलं तर दुसरं आहेच की! पण जेट विमानांच्या सुरुवातीच्या काळात शिकाऊ वैमानिकांचे ज्या विमानानं सर्वांत जास्त बळी घेतले, त्यांपैकी एक म्हणजे ग्लॉस्टर मीटिऑर, आणि त्याला दोन इंजिनं होती.

मीटिऑर हे ब्रिटिश हवाई दलाचं पहिलं जेट, 1944 मध्ये सेवेत आलं. त्याचं दोन आसनांचं शिकवणीचं रूप, टी-7, मार्च 1948 मध्ये पहिल्यांदा उडालं. ब्रिटिश हवाई दलानं सगळ्या प्रकारची मिळून 890 मीटिऑर विमानं गमावली. त्यातली 145 एकट्या 1953 सालातली. 450 वैमानिक गेले, तेही बहुतेक शांततेच्या काळात. सर्वांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे, इंजिन खरोखर बंद पडून जेवढे अपघात झाले, त्याहून जास्त 'इंजिन बंद पडलं तर काय करायचं' याचा सराव करताना झाले.

असं का व्हावं?

मीटिऑरची इंजिनं धडात नाहीत, दोन्ही पंखांत आहेत. प्रत्येकाचा जोर सुमारे 1,600 किलो. आयर्विन पुलावरून कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती पाहिल्या असतील, तर एका बाजूची वल्ही थांबली की होडी त्याच अंगाला वळते हे ठाऊक असेल. सुकाणू धरणारा तिला सरळ ठेवू शकतो, पण होडीला वेग असेल तरच. विमानाचं सुकाणू म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखावरचा रडर, आणि तो पायांनी चालवतात.

आता शाळेतलं गणित. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी 300 किलोमीटरला रडर जेवढा जोर देतो, त्याच्या निम्माच तो ताशी 210 ला देतो, कारण 0.7 चा वर्ग 0.49. जेट इंजिनाचा जोर मात्र वेग घटला म्हणून फारसा घटत नाही. म्हणजे विमान वळवू पाहणारी ताकद जवळपास तेवढीच राहते आणि तिला अडवणारी झपाट्यानं कमी होते. या दोन्ही ताकदी जिथे बरोबरीला येतात, त्या वेगाच्या खाली रडर पूर्ण दाबला तरी विमान सरळ राहत नाही.

आणि ते नुसतं वळून थांबत नाही. नाक डावीकडे फिरलं की उजवा पंख हवेतून जास्त वेगानं जातो. त्याची उचल वाढते, डाव्याची घटते आणि विमान डाव्या अंगावर कलंडतं.

हे सगळं धावपट्टीसमोर, जमिनीपासून दोन-तीनशे मीटरवर घडतं. शिक्षकानं डावं इंजिन बंद केलंय. रडर यंत्राच्या मदतीविना, निव्वळ पायाच्या बळावर दाबून धरायचाय, त्यामुळे विद्यार्थ्याचा उजवा पाय थरथरतोय. वेग कमी होतोय. घाबरून तो चालू इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचा दांडा, पुढे ढकलतो. साहजिकच आहे, वेग हवाय ना! पण त्यानंच वळण वाढतं. खरा उपाय नेमका उलटा : चालू इंजिनाचा जोर कमी करा, नाक खाली घ्या, वेग येऊ द्या. पण नाक खाली घ्यायला खाली उंचीच उरलेली नसते. आणि टी-7 मध्ये इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, नव्हती. त्याच काळातल्या एका आसनाच्या मीटिऑर एफ-8 मध्ये मात्र ती होती. शिकणाऱ्यालाच ती नसावी, याचा मला आजही राग येतो.

टी-7 चा आणखी एक अपघात 'फँटम डाइव्ह', म्हणजे भुताटकीची झेप, या नावानं ओळखला जाई. दोन्ही इंजिनं ठणठणीत, तरी विमान उतरण्याच्या तयारीत असताना अचानक खाली झेपावायचं. पंखांवरचे एअरब्रेक (हवेला अडवून वेग कमी करणाऱ्या फळ्या) उघडे ठेवून चाकं खाली सोडली, की चाकांचे पाय बाहेर येताना नाक एका बाजूला वळे, शेपटीभोवतीचा प्रवाह बिघडे आणि नाक खाली जाई. उतरण्यापूर्वी एअरब्रेक बंद, मग चाकं : हा क्रम पाळणं एवढाच उपाय होता. लगेच कारण सापडलं नाही की आपल्याकडे घातवार आणि बाधित जागा निघतात, गाडीला लिंबू-मिरची लागते. बातम्यांत 'उडती शवपेटी' असा शिक्का मारणं हाही मला त्याचाच प्रकार वाटतो, कारण शिक्का मारला की चौकशी थांबते.

एकाच इंजिनाच्या जेटलाही त्याच्या अडचणी होत्या. सुरुवातीची जेट इंजिनं थ्रॉटल उघडल्यावर पूर्ण जोर द्यायला कित्येक सेकंद घेत. पण इंजिन धडाच्या मध्यरेषेत असलं की निदान हे एकांगी वळणं उद्भवतच नाही. आपलं किरण हे शिकवणीचं जेट तसंच आहे. त्याचं काम कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालं. जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली हवेचं शास्त्र शिकून आलेला हा माणूस. सप्टेंबर 1964 मध्ये किरण पहिल्यांदा उडालं. इंजिन एकच, धडात. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी, आणि इजेक्शन सीट दोघांनाही.