वेर्खोयान्स्कला समुद्र नाही, म्हणून

माझ्या फोनच्या वेदर अॅपमध्ये तीन गावं सेव्ह आहेत. एक आमचं, एक बहिणीचं आणि तिसरं वेर्खोयान्स्क. कुणाच्या हातात फोन गेला की हमखास विचारतात, हे काय आणि? तर हे सायबेरियात, रशियाच्या याकुतिया प्रांतात, याना नदीच्या काठावर आहे. वस्ती हजार-बाराशेची, आपल्याकडे असतं तर एसटीचा थांबासुद्धा भांडून मिळवावा लागला असता, पण कागदोपत्री ते शहर आहे. जानेवारीत तिथला आकडा बघितला की अॅप गंडलंय असंच वाटतं. उणे ४५. आणि ही एखाद्या वाईट दिवसाची गोष्ट नाही हां, जानेवारीची सरासरीच तेवढ्याच्या आसपास आहे.

रेकॉर्ड म्हणाल तर फेब्रुवारी १८९२ मध्ये तिथे उणे ६७.८ अंश नोंदलं गेलं. आणि त्याच गावात २० जून २०२० ला अधिक ३८! म्हणजे सगळ्यात थंड दिवस आणि सगळ्यात गरम दिवस यांच्यात जवळजवळ १०६ अंशांचं अंतर. पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंतसुद्धा १००च अंश असतात, त्यावरून अंदाज घ्या.

आपण सहज म्हणतो ना, पारा घसरला, तर तिथे हिवाळ्यात तो वाक्प्रचार चालायचा नाही, कारण उणे ३८.८ ला पारा स्वतःच गोठतो आणि थर्मामीटरमध्ये नुसता घट्ट तुकडा होऊन बसतो, म्हणून कडक थंडी मोजायला अल्कोहोलचा थर्मामीटर लागतो. मग एवढ्या आडगावात त्या काळी मोजत कोण बसलं होतं? झारच्या काळात राजकीय कैद्यांना इथे हद्दपार करायचे. त्यातलाच एक इव्हान खुद्याकोव्ह, मूळचा लोककथांचा अभ्यासक. त्याने १८६९ मध्ये इथे हवामानाच्या नोंदी सुरू केल्या आणि या गावाच्या थंडीचा शास्त्रज्ञांना पहिल्यांदा नीट पत्ता लागला. शिक्षा म्हणून पाठवलं तर या माणसाने शिक्षाच मोजायला घेतली.

आता खरा प्रश्न, की एवढी थंडी का? उत्तरेला आहे म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. वेर्खोयान्स्क साधारण ६७.५ अक्षांशावर आहे. नॉर्वेतलं बोडो हे बंदर जवळपास त्याच अक्षांशावर, दोन्हीकडे सूर्य तेवढाच तिरका, आणि तरी बोडोची जानेवारीची सरासरी शून्याच्या थोडीशीच खाली असते! फरक एवढाच की बोडोच्या दारात अटलांटिकचं कोमट पाणी आहे. पाणी तापायला वेळ घेतं आणि निवायलाही, त्यामुळे उन्हाळ्यात जमवलेली ऊब समुद्र हिवाळाभर हळूहळू सोडत राहतो. वेर्खोयान्स्कपासून अटलांटिक हजारो किलोमीटर लांब, पॅसिफिक डोंगरांच्या पलीकडे, आणि उत्तरेला आर्क्टिक महासागर आहे खरा, पण हिवाळ्यात त्याच्यावर बर्फाचं झाकण बसलं की तो असून नसल्यासारखा.

जमिनीचं गणित उलटं. लवकर तापते, लवकर निवते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तर काही दिवस सूर्य क्षितिजाच्या वरच येत नाही, म्हणजे जमा शून्य आणि खर्च चालूच, कारण बर्फाळ जमीन रात्रंदिवस इन्फ्रारेड किरणांतून उष्णता आकाशात सोडत असते आणि ती अडवायला वर ढगही फारसे नसतात. थंड हवा जड होऊन खाली बसते, सायबेरियाभर हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा तयार होतो, वारा जवळपास मेलेला असतो. त्यात हे गाव खोऱ्यात, आजूबाजूला डोंगर. उभ्या फ्रीजरचं दार उघडून पायाशी हात धरून बघा, थंड हवा ओघळत खाली येते, अगदी तशीच इथे ती उतारांवरून ओघळून खोऱ्यात साचते. म्हणून कडक हिवाळ्यात गावातून डोंगर चढून गेलात तर वर चक्क कमी थंडी लागते. उंच गेलं की गार, हे आपलं पाठ केलेलं ज्ञान तिथे उताणं पडतं. याला इन्व्हर्जन म्हणतात.

या साचलेल्या हवेत जे होतं ते मला फार भारी वाटतं. ३० अंशांच्या हवेत एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, उणे ४० ला पाव ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे तोंडातून बाहेर पडलेला श्वास मावायला जागाच नसते, तो तिथल्या तिथे बर्फाचे बारीक कण होतो आणि फारच शांत असेल तर त्या कणांची बारीक सळसळ कानाला ऐकू येते. याकुत लोक त्याला ताऱ्यांची कुजबुज म्हणतात. गाड्यांचा धूर आणि धुराड्यांतली वाफ पण अशीच गोठून गावावर धुकं धरतं.

वाफच नाही म्हटल्यावर पाऊसपाणीही बेताचंच. वर्षाला बर्फ-पाऊस सगळं धरून १८० मिलिमीटरच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता, तेवढा गोळा करायला वेर्खोयान्स्कला पाच वर्षं लागतील. एवढ्या पावसात वाळवंट असायला हवं, पण आजूबाजूला लार्चचं जंगल आणि दलदल आहे, कारण खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो, पाणी खाली मुरतच नाही, वरच तुंबतं. मग डास. थंडीपेक्षा डास बरे की वाईट, हे तिथल्या लोकांनाच विचारावं.

वसंत आणि शरद हे ऋतू तिथे नावापुरते. सप्टेंबरची सरासरी शून्याच्या किंचित वर असते आणि नोव्हेंबरची उणे ३५ च्या आसपास, दोन महिन्यांत गाव असं दरीत पडल्यासारखं खाली जातं. उलट मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, ऊन तिरकं असलं तरी चोवीस तास, आणि ते शोषून घ्यायला समुद्र नाही, त्यामुळे जमीन भराभर तापते. जुलैची सरासरी १६-१७ अंश, पण ३० च्या वरचे दिवस त्यांना नवीन नाहीत. १९८८ मध्येही ३७.३ झालंच होतं. म्हणून २०२० चे ३८ अंश हा एकटा आकडा घेऊन ओरडण्यात अर्थ नाही. हां, पण त्या वर्षी जानेवारी ते जून सगळा सायबेरियाच तापलेला होता, आणि शास्त्रज्ञांनी हिशोब केला तर माणसामुळे झालेल्या तापमानवाढीने अशा सहामाहीची शक्यता किमान ६०० पटींनी वाढलेली निघाली. ते ३८ अंश जागतिक हवामान संघटनेने तपासून डिसेंबर २०२१ मध्ये आर्क्टिकचं रेकॉर्ड म्हणून मान्य केले.

ही गोठलेली जमीन सुटली की काय होतं ते बघायला लांब जायला नको. सत्तर-ऐंशी किलोमीटरवर बातागाय गावाजवळ काही दशकांपूर्वी झाडं तोडली, सावली गेली, जमिनीतला बर्फ वितळला आणि जमीन खचायला लागली. आता तिथे किलोमीटरभर लांबीचा खड्डा आहे, अजून वाढतोय.

गावाकडची एक जुनी पद्धत मात्र अजून चालते. याकुतियात गोठलेल्या जमिनीत पाइप पुरून नळ देणं अवघड, म्हणून हिवाळ्याच्या तोंडाला नदीवर बर्फ पुरेसा जाड झाला की लोक करवतीने त्याच्या लाद्या कापतात आणि घराशेजारी रचून ठेवतात. लागेल तशी एक घरात आणायची, वितळवायची, झालं प्यायचं पाणी. उरलेल्या लाद्या पर्माफ्रॉस्टमध्ये खणलेल्या तळघरात उतरवायच्या. मग जुलैत बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना शिडीने खाली उतरायचं आणि चहासाठी नोव्हेंबरातल्या नदीचा एक तुकडा वर घेऊन यायचा.