उलटी बस

समजा, बेळगावजवळच्या खानापूरच्या एका घरात चार वर्षांचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा सोप्यात बसलाय. हातात प्लास्टिकची लाल बस. ती तो पळवत नाही. उलटी धरून चाक फिरवतो आणि टक लावून बघतो. आजी बस सुलटी करून देते. तो किंचाळतो.

खेळातून शिकवणारी थेरपिस्ट इथं वेगळं करते. ती शेजारी बसते, आपलीही गाडी उलटी करते, चाक फिरवते. थोड्या वेळानं चाकावर बोट ठेवून थांबते. मुलगा तिच्याकडे बघतो. "फिरव?" म्हणत ती बोट काढते. असं पंचवीसदा झाल्यावर कधीतरी "फि" ऐकू येतं, आणि चाक लगेच फिरतं.

नियम मानसशास्त्रज्ञ स्किनरचाच: ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं, ती पुन्हा घडते. फरक बक्षिसाचा: इथं चाक फिरणं हेच बक्षीस. 'फिरव' म्हटल्यावर चॉकलेट मिळालं, तर शब्दाचा आणि चाकाचा संबंध काय?

मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७च्या गाजलेल्या अभ्यासात १९ स्वमग्न मुलांना याच नियमानं आठवड्याला सुमारे ४० तास शिकवलं. ९ जण साध्या शाळेत रुळले. हा आकडा जगभर फिरला. त्या पद्धतीत जोरात 'नो' म्हणणं आणि कधी मांडीवर चापटही होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. शिवाय असं टेबलापाशी बसवून शिकवलेलं बऱ्याचदा टेबलापाशीच राहतं. घरातल्या खेळात शिकलेला शब्द घरात वापरला जातो.

मुलाचं चाकाचं वेड आधी मोडायला हवं, असं अनेकांना वाटतं. माझ्या मते तीच त्याची शिदोरी. पुढं त्याच बसमध्ये कंडक्टर येतो, तिकीट येतं, 'आता तुझी पाळी' येतं.

यासाठी दर आठवड्याला मोठ्या शहराच्या फेऱ्या माराव्या लागतात का? चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथं आणि रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाबरोबरच्या खेळाचे व्हिडिओ दाखवून शिकवलं. पालक मुलाच्या कलानं घेऊ लागले, मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. सगळंच सुधारलं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट घटला.

आपल्या सीमाभागात आणखी एक भीती असते: घरी मराठी, दारात कन्नड, पोराचा गोंधळ होईल. दोन भाषांमुळं स्वमग्न मुलांचं बोलणं मागं पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीनं 'फिरव' म्हणावं, शेजारच्या अक्कांनी 'तिरुगिसु'. चाक दोन्हींनी फिरतं.