इसबासाठी पोस्टबायोटिक सॅशे घेताय? आधी हे वाचा

आमच्या दादरच्या औषधाच्या दुकानात रोज कोणीतरी विचारतंच, बाळाच्या इसबाला ते पोस्टबायोटिकचं सॅशे चालेल का हो, गुण येतो का. काउंटरवर गर्दीत नीट सांगता येत नाही म्हणून हा कागद.

पोस्टबायोटिक म्हणजे मेलेले जंतू नाहीतर त्यांचे तुकडे, प्रोबायोटिकमधे असतात ते जिवंत. मेलेले म्हणून बहुतेक वेळा फ्रीज लागत नाही, मुंबईच्या उकाड्यात सोयीचंच आहे ते, पण त्यावरून गुण येतो असं होत नाही.

कंपनीवाले आधी-नंतरचे फोटो दाखवतात, ते आम्ही बघतच नाही. इसब आपोआप चढतं-उतरतं, काहींना मे महिन्यात घामाने नुसती खाज सुटते आणि पाऊस लागला की बरं वाटतं, आणि माणूस औषध शोधायला निघतो तेव्हा त्रास टोकाला गेलेला असतो, म्हणजे पुढे तो थोडा उतरणारच होता, सॅशे घ्या किंवा न घ्या! म्हणून आम्ही पहिलं विचारतो की चाचणीत सॅशेऐवजी नुसती साधी पावडर दिलेल्या ग्रुपचं काय झालं, आणि दोन्ही ग्रुपमधे फरक किती.

तो फरक स्कोराडवर, म्हणजे इसब किती जोरात आहे त्याच्या गुणांवर मोजतात, ० ते १०३, त्यात लाली, चट्टे, खाज, झोपमोड सगळं येतं. हा स्कोर साधारण ८.७ ने उतरला तर पेशंटला जाणवतं असं धरतात. आता कॉक्रेन, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था, तिचा २०१८ चा आढावा घ्या, तो जिवंतवाल्या प्रोबायोटिकचा होता, ३९ चाचण्या, २५९९ माणसं, आणि फरक निघाला सुमारे ३.९, खरा आकडा २ ते ६ च्या मधे कुठेतरी. योगायोग नव्हता तो, पण वरचं टोक धरलं तरी ८.७ पर्यंत पोचत नाही, म्हणजे रात्रभर खाजवणाऱ्या पोराच्या आईला काही जाणवलं नसतं. ‘सिग्निफिकंट’ (म्हणजे फक्त योगायोग नाही एवढंच) शब्द बघून भुलू नका असं आम्ही म्हणतो ते यासाठीच.

शिवाय तान्ही बाळं, मोठी माणसं, वेगवेगळे जंतू सगळं एकत्र करून सरासरी काढली की खिचडी होते, चाचण्यांचे निकाल एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते सांगणारा आय-स्क्वेअर नावाचा आकडा मोठा आला की आम्ही सावध होतो. छोट्या चाचण्या वाईट निकाल आला की छापल्याच जात नाहीत, ते पकडायला फनेल प्लॉट नावाचा आलेख असतो पण त्याला निदान दहाएक चाचण्या लागतात.

डॉक्टरांनी दिलेलं मलम आणि मॉइश्चरायझर मनाने बंद करू नका प्लीज. घरी सॅशे असेल तर पाकीट घेऊन या, जंतूचं नाव आणि स्ट्रेनचा (त्या जंतूच्या नेमक्या उपप्रकाराचा) नंबर बघून त्याच स्ट्रेनवर चाचणी झालीय का ते शोधून देतो, दुपारी २ ते ४ गर्दी कमी असते.